एकाच हंगामात दोन रेडिएटर : द्राक्षबागेतील लहान ट्रॅक्टरच्या पंख्याचे एक प्रकरण

निफाड तालुक्यातील एका द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतरच्या २२व्या दिवशी सकाळी फवारणी सुरू असताना २४ अश्वशक्तीच्या लहान ट्रॅक्टरच्या बॉनेटखालून कागद फाटल्यासारखा आवाज आला आणि पाठोपाठ वाफेचा लोट उठला. चालकाने इंजिन ताबडतोब बंद केले. बॉनेट उघडल्यावर दिसले की पंख्याची पाती रेडिएटरच्या जाळीत घुसली होती, वरच्या भागातील चार नळ्या फाटल्या होत्या आणि कूलंट जमिनीवर वाहून गेले होते. रेडिएटर बदलला गेला, ट्रॅक्टर पुन्हा कामाला लागला आणि छाटणीनंतरच्या ४१व्या दिवशी, म्हणजे अवघ्या १९ दिवसांनी, नव्या रेडिएटरची अगदी त्याच जागी तीच गत झाली.

मला हे प्रकरण दुसऱ्या घटनेनंतर पाहायला मिळाले. बागाईतदारांनी जुना रेडिएटर भंगारात न देता शेडमध्ये ठेवला होता, ही माझ्या दृष्टीने मोठी सोय झाली, कारण दोन्ही जाळ्या शेजारी शेजारी ठेवून पाहता आल्या. पंखा रेडिएटरला लागला की तो अपघात मानण्याची आपल्याकडे सवय आहे: बांधावरून आदळला, दगड उडाला, नशीब वाईट. या ट्रॅक्टरच्या बाबतीत मात्र जे घडले ते अनेक महिने हळूहळू घडत आले होते आणि प्रत्येक टप्प्यावर ते थांबवता आले असते, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. म्हणूनच ते तपशिलाने मांडत आहे.

ट्रॅक्टर आणि त्याचे काम

द्राक्षबागेतील लहान ट्रॅक्टर वर्षातील मोठा काळ ब्लोअर, म्हणजे हवेच्या झोताने फवारणी करणारे यंत्र, ओढतो. ब्लोअर पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे अवजारांना शक्ती देणाऱ्या शाफ्टवर, मिनिटाला ५४० फेऱ्यांनी चालवायचा असल्याने इंजिन तासन्‌तास जवळजवळ पूर्ण वेगात ठेवावे लागते, तर गाडीचा प्रत्यक्ष वेग चालण्याच्या वेगापेक्षा थोडाच जास्त असतो. त्यामुळे समोरून येणाऱ्या वाऱ्याची मदत जवळपास नसते आणि इंजिन थंड ठेवण्याचा सगळा भार पंख्यावर पडतो. त्यातच ट्रॅक्टर स्वतःच उडवलेल्या फवाऱ्याच्या धुक्यातून परत फिरतो. मॅन्कोझेब किंवा गंधकासारख्या पावडरींचे कण, धूळ आणि पानांचे तुकडे रेडिएटरच्या पातळ पट्ट्यांवर बसतात व वाळून घट्ट होतात.

या ट्रॅक्टरला तीन सिलिंडरचे डिझेल इंजिन आहे आणि पंखा वॉटर पंपाच्या पुलीवर बसवलेला आहे. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या, पुलीवरून येणारा एकच फॅन बेल्ट पंप, पंखा आणि अल्टरनेटर फिरवतो. पंखा समोरची हवा रेडिएटरमधून आत ओढून इंजिनावर सोडतो. मोजून पाहिले तेव्हा क्रँकच्या पुलीचा व्यास ११० मिमी, पंपाच्या पुलीचा १०० मिमी आणि पंख्याचा ३२० मिमी भरला. इंजिन मिनिटाला २,६०० फेऱ्यांवर असताना पंखा २,८६० फेऱ्या घेतो आणि त्याच्या पात्याचे टोक ताशी सुमारे १७२ किलोमीटर वेगाने फिरते. हे टोक आणि रेडिएटरची नाजूक जाळी यांच्यामध्ये केवळ दीड सेंटिमीटरची मोकळी हवा असते. ही मोकळी जागा सुट्या भागांच्या यादीत कुठेही नसते आणि म्हणून ती तपासण्याची जबाबदारीही कोणाकडे नसते. चालक पाणी पाहतो, गॅरेजवाला बेल्ट पाहतो, रेडिएटरवाला गळती पाहतो. पंखा आणि जाळी यांच्यातील अंतर कोणीही मोजत नाही.

पहिली दुरुस्ती

पहिल्या वेळी जे केले गेले ते सर्वत्र केले जाते तसेच होते. मूळ रेडिएटर ॲल्युमिनियमच्या जाळीचा आणि वर-खाली प्लास्टिकच्या टाक्यांचा होता. पितळ-तांब्याच्या रेडिएटरला डाग (सोल्डर) मारून तो चालवता येतो. पण ॲल्युमिनियमच्या फाटलेल्या नळ्यांना तसा डाग बसत नाही आणि चिकटपट्टी लावून किंवा पुट्टी भरून केलेले काम दाबाखाली टिकत नाही. म्हणून बाजारातून त्याच मापाचा म्हणून तांब्याचा, तीन रांगांच्या नळ्यांचा रेडिएटर आणून बसवला गेला. पंख्याच्या पात्यांची टोके खरवडली गेली होती, ती कानशीने घासून सारखी केली आणि तोच पंखा परत लावला. कारण विचारल्यावर चालकाला सांगण्यात आले की बांधावरून गाडी आदळल्यामुळे रेडिएटर मागे सरकला असावा.

घाई समजण्यासारखी होती. छाटणीनंतर फुलोऱ्यापर्यंतचा काळ डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या दृष्टीने सर्वांत जोखमीचा असतो, ढगाळ हवा होती आणि दोन दिवस फवारणी चुकली तर घडांचे नुकसान भरून येत नाही. बागाईतदारांनी शेजाऱ्याचा ब्लोअर भाड्याने घेऊन वेळ निभावली आणि स्वतःचा ट्रॅक्टर तिसऱ्या दिवशी सुरू केला. ट्रॅक्टर सुरू झाला म्हणजे दुरुस्ती झाली, असे त्या वेळी सर्वांनाच वाटले.

जाळीवरची खूण काय सांगते

दुसऱ्या घटनेनंतर मी सर्वांत आधी किल्ली काढून घेतली, बॅटरीची ऋण तार सोडली आणि कोणताही नट ढिला करण्यापूर्वी दोन्ही जाळ्यांवरच्या व पात्यांवरच्या खुणा पाहिल्या. हा क्रम मी नेहमी आग्रहाने पाळतो, कारण रेडिएटर एकदा खोलला की तो कोणत्या स्थितीत उभा होता हे नंतर कोणीही सांगू शकत नाही.

खुणा वाचण्याची रीत सोपी आहे. जाळीवर पूर्ण वर्तुळ उमटले असेल आणि पात्यांपैकी एकच खरवडले असेल, तर दोष पंख्यात आहे: एखादे पाते पुढे वाकलेले आहे. पूर्ण वर्तुळ आहे आणि सगळी पाती सारखी घासली आहेत, तर पंखा संपूर्णच पुढे आलेला आहे किंवा रेडिएटर सरळ मागे गेलेला आहे. मात्र वर्तुळाचा एखादाच तुकडा, म्हणजे कमान, उमटली असेल आणि पाती सगळीच घासलेली असतील, तर पंख्याची पातळी आणि जाळीची पातळी एकमेकींना समांतर राहिलेली नाही, असा त्याचा अर्थ होतो. फिरणारे प्रत्येक पाते त्याच एका जागेवरून जाताना लागते, बाकीच्या फेरीत मोकळे फिरते.

या दोन्ही जाळ्यांवर वरच्या बाजूला कमान होती, सुमारे एक तृतीयांश वर्तुळाची, आणि पाती सगळीच घासलेली होती. पहिल्या जाळीवर कमान थोडी उथळ होती, दुसरीवर खोल आणि रुंद. एकच खूण दोनदा उमटते तेव्हा बांधावरच्या एका धक्क्याचे स्पष्टीकरण पुरे पडत नाही.

येथे पाण्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण बागेच्या वाटेवर एक ओढा होता आणि चालकाला त्याचाच संशय होता. तो संशय निराधार नव्हता. पंखा हवा मागे ढकलतो तेव्हा त्याच्या पात्यांवर तेवढाच उलटा, म्हणजे रेडिएटरच्या दिशेने, जोर येतो. हवेत हा जोर किरकोळ असतो. पण पाणी हवेपेक्षा सुमारे आठशेपट जड असल्याने पंख्याचा खालचा भाग पूर्ण वेगात पाण्यात बुडाला की प्लास्टिकची पाती जहाजाच्या पंख्याप्रमाणे स्वतःला पुढे खेचतात, वाकतात आणि जाळीत घुसतात. भातखाचरात चिखलणी करणाऱ्या आणि पावसाळ्यात ओढे ओलांडणाऱ्या ट्रॅक्टरांना हा धोका खराच आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी इंजिनाच्या फेऱ्या कमी करून सावकाश जाणे हाच त्यावरचा उपाय होय. परंतु तसे घडले असते तर पाती आधी खालच्या बाजूला लागली असती. येथे खालची बाजू कोरी होती. ओढ्याचा मुद्दा तेथेच निकाली निघाला.

अंतराचा हिशेब

पंखा हाताने हळूहळू फिरवून पात्याचे टोक आणि जाळीचा न खरवडलेला भाग यांमधील अंतर चार ठिकाणी मोजले. वर ४ मिमी, खाली १३ मिमी, डावीकडे ८ मिमी आणि उजवीकडे ९ मिमी आले. हे आकडे चांगले की वाईट हे ठरवण्यासाठी तुलना हवी होती. सुदैवाने शेजारच्या बागेत त्याच मॉडेलचा, कधीही रेडिएटर न खोललेला ट्रॅक्टर होता. त्यावर मोजले तर चारही बाजूंना १६ मिमी मिळाले.

म्हणजे आमच्या ट्रॅक्टरवर वरच्या बाजूला तब्बल १२ मिमी अंतर हरवले होते. ते कोठे गेले याचा शोध हा या प्रकरणाचा गाभा आहे.

पहिले ३ मिमी नव्या जाळीने खाल्ले होते. तीन रांगांचा तांब्याचा रेडिएटर मूळ ॲल्युमिनियमच्या जाळीपेक्षा ६ मिमी जाड होता. चौकटीत तो मधोमध बसत असल्यामुळे निम्मी जाडी पुढे आणि निम्मी मागे, पंख्याच्या बाजूला, आली. दुकानदाराने लांबी, रुंदी आणि पाइपांची तोंडे जुळवून दिली होती; जाडी कोणी विचारलीच नाही. जास्त रांगा म्हणजे जास्त थंडावा, हा समज येथे महागात पडला.

त्यापुढचे ८ मिमी रेडिएटरच्या कलण्याने गेले होते. या ट्रॅक्टरवर रेडिएटर खाली दोन रबरी गुटक्यांवर उभा असतो आणि त्याच्या माथ्याला एक स्टे रॉड बॉनेटच्या चौकटीशी जोडून धरतो. रॉडवर रेडिएटरच्या पट्टीच्या पुढे आणि मागे एकेक रबरी बुश असतो. मागचा बुश, जो शेजारच्या ट्रॅक्टरवर ९ मिमी जाडीचा भरला, आमच्या ट्रॅक्टरवर नव्हताच. तो चिरून केव्हातरी गळून पडला होता. बुश गेला की पट्टी खडखडते, खडखडाट ऐकला की गॅरेजवाला पुढचा नट आवळतो, आणि नट आवळला की रेडिएटरचा माथा मागे, थेट पंख्याकडे, ओढला जातो. माथ्यावर ९ मिमी मागे आलेला रेडिएटर पंख्याच्या वरच्या टोकाच्या उंचीवर ८ मिमी आणि खालच्या टोकाच्या उंचीवर केवळ १ मिमी मागे आला होता. आवाज थांबवण्यासाठी प्रामाणिकपणे आवळलेला एक नट, आणि त्याने निम्मे अंतर संपवले.

उरलेला १ मिमी पंख्याच्या बाजूचा होता आणि माझ्या मते तोच सर्वांत धोकादायक होता. बेल्ट काढून पंखा दोन्ही हातांनी पुढे-मागे हलवला तेव्हा पात्याचे टोक अडीच मिमी हलले. पंपाच्या बेअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला होता. पंपाच्या खालच्या बाजूला असलेल्या बारीक भोकातून पांढरट-हिरवा ओघळ वाळलेला दिसत होता. हे भोक कारखान्यातच ठेवलेले असते. आतले सील गळू लागले की कूलंट बेअरिंगमध्ये न जाता येथून बाहेर यावे आणि मालकाला वेळीच सूचना मिळावी, हा त्याचा उद्देश असतो. ते बुजवणारी माणसेही मी पाहिली आहेत. ओघळ दिसला की पंप बदलण्याची वेळ आली, इतका सरळ त्याचा अर्थ आहे.

बेअरिंगच्या प्लेमुळे पंखा नेमका वरच्या बाजूलाच का पुढे आला, हेही समजून घेतले पाहिजे. पुली बेअरिंगच्या पुढे अधांतरी असते आणि बेल्ट तिला खाली, क्रँकच्या दिशेने, ओढत असतो. बेअरिंग घट्ट असेल तोवर शाफ्ट सरळ राहतो. प्ले आला की शाफ्टचे पुढचे तोंड खाली झुकते आणि त्यावर बसलेल्या पंख्याचा माथा पुढे, रेडिएटरकडे, येतो. रेडिएटरचा माथा मागे कललेला आणि पंख्याचा माथा पुढे झुकलेला, असे दोन्ही दोष एकाच बिंदूवर भेटले. जाळीवरची कमान वरच का उमटली, याचे उत्तर हेच होते.

आता पूर्ण हिशेब जुळतो: वर १६ मधून ३, ८ आणि १ वजा होऊन ४, खाली १६ मधून ३ आणि १ वजा, पण पंखा तेथे १ मिमी मागे गेल्यामुळे तेवढा जमा होऊन १३. ट्रॅक्टर उभा असताना उरलेले हे ४ मिमी काम करताना कितपत टिकणार होते? इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले आहे. पहारीने हलके रेटून पाहिले तर माउंटिंग निरोगी असतानाही इंजिन ३ मिमी पुढे येत होते. ४१व्या दिवशी ओळीच्या टोकाला वळताना पुढची चाके पाण्याच्या चारीत उतरली, त्याच क्षणी चालकाने ब्रेक दाबला, इंजिनाने पुढे झोका घेतला आणि पूर्ण वेगात फिरणाऱ्या, थोड्याफार लवणाऱ्या प्लास्टिकच्या पात्यांना उरलेला एक मिमी ओलांडायला वेळ लागला नाही. चारी रोजचीच होती. १६ मिमी असताना तिने शेकडो वेळा काहीही बिघडवले नव्हते.

मुळापर्यंत

येथे थांबून पंप, बुश आणि योग्य जाडीचा रेडिएटर बदलला असता तरी दुरुस्ती ठीक झाली असती. परंतु बेअरिंग इतक्या लवकर का झिजले आणि बुश गेल्याचे कोणाला का कळले नाही, हे प्रश्न उरतच होते. चालकाला धीराने विचारत गेल्यावर मागचा क्रम उलगडला. हा माणूस दहा वर्षे ट्रॅक्टर चालवणारा, जबाबदार चालक आहे. त्याने काहीही लपवले नाही, हे नमूद करणे मला गरजेचे वाटते.

पोळ्याच्या सुमारास पंख्याजवळून खर्र खर्र असा आवाज येऊ लागला होता. रेडिएटरखालचे रबरी गुटके दबून १४ मिमीचे ८ मिमी झाले होते. त्यामुळे रेडिएटर आणि त्याच्याबरोबर श्राउड, म्हणजे पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे कडे, ६ मिमी खाली आले. कड्याची वरची कड आणि पात्यांची टोके यांच्यात मुळात ८ मिमीच मोकळीक असते. उरलेले २ मिमी हादऱ्यात संपत आणि पाती कड्याला घासत. हा आवाज म्हणजे यंत्राने दिलेली पहिली, स्पष्ट आणि स्वस्त सूचना होती. दोन रबरी गुटके बदलले असते तर पुढचे काहीच घडले नसते. प्रत्यक्षात गॅरेजमध्ये घासणारे कडेच काढून टाकण्यात आले. “आवाज गेला, म्हणून आम्ही निर्धास्त झालो, साहेब,” असे चालकाने मला सांगितले. कडे शेडच्या कोपऱ्यात खताच्या गोण्यांमागे तसेच पडलेले होते.

श्राउड हा शोभेचा किंवा केवळ हात वाचवण्याचा भाग नाही. तो नसला की पंखा पूर्ण जाळीतून हवा ओढण्याऐवजी आपल्याच कडेभोवतीची गरम हवा फिरवत राहतो आणि जाळीचे चारही कोपरे जवळजवळ निकामी होतात. आपल्याकडे ट्रॅक्टरची चाचणी मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्र शासनाच्या संस्थेत भारतीय मानक ५९९४ नुसार होते आणि त्यात ४३ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या हवेतही इंजिन भाराखाली चालवून पाहिले जाते. ती कसोटी ट्रॅक्टर उत्तीर्ण होतो तो त्याचे सगळे भाग जागेवर असताना. कडे काढल्यावर तोच ट्रॅक्टर राहत नाही.

कडे काढल्यावर छाटणीनंतरच्या पहिल्या फवारण्यांतच तापमानाचा काटा वर जाऊ लागला. काटा वर जातो म्हणजे बेल्ट सरकत असावा, असा तर्क करून अल्टरनेटर बाहेर रेटून बेल्ट आवळण्यात आला. काटा तरीही उतरला नाही, म्हणून आणखी आवळण्यात आला. मी पाहिले तेव्हा अंगठ्याने दाबून बेल्ट केवळ ४ मिमी लवत होता. अशा बेल्टला साधारण १० ते १२ मिमी लवण हवी. नेमका आकडा त्या त्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असतो आणि तोच प्रमाण मानावा. अतिताणलेला बेल्ट दिवसभर पंपाच्या बेअरिंगला एका बाजूला ओढत राहिला.

पहिल्या दुरुस्तीने त्यात भरच घातली. कानशीने घासलेल्या पात्यांपैकी एकाच्या टोकाचा सुमारे ५ ग्रॅमचा तुकडा उडालेला होता. पाच ग्रॅम ऐकायला नगण्य वाटतात. पण मध्यापासून १५५ मिमी अंतरावर, मिनिटाला २,८६० फेऱ्यांवर, तेवढ्या असमतोलाचा ओढा सुमारे ७ किलो भरतो आणि तो सेकंदाला ४७ वेळा दिशा बदलत बेअरिंगवर आदळतो. आधीच झिजू लागलेले बेअरिंग १९ दिवसांत सैल झाले, यात नवल नाही. पंख्याचे पाते तुटले, तडकले किंवा खरवडले गेले तर पंखा बदलावा. तो घासून चालवू नये, हे मी गॅरेजमधल्या मुलांना पुन्हा पुन्हा सांगत असतो. काही ठिकाणी तर अंतर वाढावे म्हणून सगळ्याच पात्यांची टोके कापतात. तसे केल्याने कड्यातली फट वाढून हवा कमी होते आणि आपण पुन्हा त्याच तापणाऱ्या काट्यापाशी येऊन पोहोचतो.

दुसरी दुरुस्ती

या वेळी मूळ जाडीचीच ॲल्युमिनियमची जाळी मागवली, तिला दोन दिवस लागले आणि ते दोन दिवस थांबण्याचा निर्णय बागाईतदारांनी घेतला. पंप, पंखा, बेल्ट, खालचे दोन्ही गुटके आणि स्टे रॉडचे दोन्ही बुश नवीन घातले. पहिल्या वेळी तातडीने बंद केलेले इंजिन दुसऱ्या वेळी मात्र ट्रॅक्टर ओळीबाहेर काढण्यासाठी आणखी काही मिनिटे चालले होते. म्हणून अति तापून हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांमधील पॅकिंग, गेल्याची शंका होती. कूलंट भरून, इंजिन चालवून बुडबुडे आणि तेलाचा दुधाळपणा पाहिला, दोन्ही आढळले नाहीत. हे निव्वळ दैव होते. पंखा लागल्याचा आवाज येताच इंजिन जागच्या जागी बंद करणे, ट्रॅक्टर ओळीत अडकला तरी चालेल असे समजणे, आणि रेडिएटरचे झाकण थंड झाल्याशिवाय न उघडणे, एवढे चालकाला ठामपणे सांगितले. झाकणाखाली दाब असल्यामुळे कूलंट शंभर अंशांपेक्षाही जास्त तापलेले असू शकते आणि झाकण सैल होताच ते तोंडावर उसळते.

जुळणीचा क्रम महत्त्वाचा होता. आधी गुटके बसवून रेडिएटर उंचीला आणला, मग श्राउड लावून पात्यांभोवतीची मोकळीक सगळीकडे सारखी आहे का ते पाहिले, आणि त्यानंतरच स्टे रॉडचे नट दोन्ही बाजूंनी असे जुळवले की वरचे आणि खालचे अंतर एक व्हावे. पंख्याची बाजूही तपासली. पंखा उलटा बसवता येतो, फिरतोही आणि लक्षातही येत नाही. पण हवा कमी ओढतो आणि मध्यभागाच्या खोलीमुळे पाती जाळीच्या जवळ येऊ शकतात. बेल्ट ११ मिमी लवणीवर ठेवला. शेवटी चारही बाजूंचे अंतर मोजले: वर १५, खाली १६, दोन्ही बाजूंना १६.

बागाईतदारांचा पुढचा प्रश्न रास्त होता: चालकाने दर वेळी पट्टी घेऊन मिमी मोजत बसायचे का? तसे कोणी करत नाही आणि करावे अशी अपेक्षाही मी ठेवत नाही. त्याऐवजी १२ मिमी जाडीच्या प्लायवूडची एक हातभर लांब, दोन बोटे रुंद पट्टी कापून, तिच्या टोकाला भोक पाडून, ती दोरीने टूलबॉक्समध्ये बांधून दिली. दर सोमवारी सकाळी इंजिन थंड असताना, किल्ली खिशात घेऊन, ही पट्टी वर, खाली आणि दोन्ही बाजूंना पाती व जाळी यांच्यामधून सरकवून पाहायची. सहज गेली तर काम सुरू. एका जरी बाजूला अडकली तर ट्रॅक्टर बाहेर काढायचा नाही. त्याच वेळी पात्याचे टोक धरून पंखा पुढे-मागे हलवायचा आणि पंपाखालच्या भोकावर बोट फिरवायचे. बोट कोरडे आले पाहिजे. एवढ्याला पाच मिनिटेही लागत नाहीत. गळ्यातला गमछा मात्र आधी काढून ठेवायचा, ही अट मी त्यात घातली.

जाळी धुण्याविषयीही पद्धत बदलली. पूर्वी सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याने समोरून पाणी मारले जाई. त्याने पातळ पट्ट्या आडव्या होत आणि कचरा आणखी आत बसे. आता फवारणीच्या दिवशी संध्याकाळी, इंजिन थंड झाल्यावर, साध्या नळीने पंख्याच्या बाजूकडून बाहेरच्या बाजूला पाणी सोडले जाते, म्हणजे कचरा ज्या वाटेने आला त्याच वाटेने निघतो. काटा वर गेला तर बेल्टला हात लावण्यापूर्वी जाळी पाहायची, हा क्रम चालकाने स्वतःच भिंतीवर खडूने लिहून ठेवला आहे. विहिरीचे पाणी भरणेही थांबवले. त्या भागातील जड पाण्याने नळ्यांत क्षार बसतात, म्हणून आता कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे घातले जाते.

पंखा आणि जाळी यांच्यामध्ये लोखंडी जाळी बसवावी का, असेही विचारले गेले. मी नको म्हटले. तेवढ्या अरुंद जागेत जाळी पुरेशी ताठ बसत नाही, तीच सुटून पात्यांत गेली तर नुकसान अधिक, आणि हवेला अडथळा होतो तो वेगळाच.

एप्रिलमध्ये खरड छाटणीच्या वेळी मी पुन्हा त्या बागेत गेलो. ट्रॅक्टरने तोवरचा सगळा फवारणीचा हंगाम काढला होता. अंतर वर १५, बाकी तिन्ही बाजूंना १६ असेच होते, पंपाखाली ओघळ नव्हता आणि प्लायवूडची पट्टी हाताळून गुळगुळीत झाली होती. जाता जाता, ज्याच्यावरून मूळ माप घेतले होते तो शेजारचा ट्रॅक्टरही पुन्हा मोजला. खाली १५, बाजूंना १४ आणि वर १२ आले. पट्टी वरच्या बाजूला अडकत अडकतच गेली. स्टे रॉडचा मागचा बुश चिरला होता आणि त्याचा निम्मा तुकडा बॉनेटखाली पडलेला सापडला. नवा बुश त्याच संध्याकाळी बसवण्यात आला.